कठीण काम आधी

सकाळी उठल्याबरोबर अंगण झाडावे, गुरांस चारा घालावा, चार माणसांची विचारपूस करावी. आणि जे एक काम खरोखर अगत्याचे, ते मात्र उद्यावर टाकावे, ही खोड आम्हां सर्वांस आहे. आळशी मनुष्य लवकर ओळखू येतो. पण उद्योगी मनुष्याची टाळाटाळ त्याच्या उद्योगाखालीच झाकलेली असते.

ह्याविषयी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. करोनाच्या साथीत येथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, जे स्वतः वैद्यकी शिकलेले, ह्यांनी हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र सप्टेंबर २०२० मध्येच बसवून घेतले. पुढे लाट ओसरली, लोक निर्धास्त झाले. तरी ते थांबले नाहीत, आणखी यंत्रे उभी केली. खर्च मोठा आणि गरज डोळ्यांआड. असे काम लांबणीवर टाकले असते तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत प्राणवायूवाचून माणसे तडफडत असता येथील रुग्णांस तो मिळत राहिला.

तथापि कठीण काम म्हणजे नेहमी कष्टाचेच काम नव्हे. मिरचीच्या शेतात दिवसभर कंबर वाकवून राबणारा मनुष्य भावाच्या दारापर्यंत दहा पावले जात नाही. कारण बांधाच्या भांडणात आपली चूक झाली, हे तेथे सांगावे लागेल. अडचण श्रमाची नव्हे, लाजेची आहे. आम्हांसही एका आजारी वृद्धाची क्षमा मागावयाची होती. त्या आठवड्यात आम्ही पत्रे लिहिली, वह्या नीट लावल्या, छपराची कौलेही बदलली. शेवटी गेलो, तेव्हा तो आम्हांस ओळखीत नव्हता.

कोणी म्हणेल, लहान कामे आधी केल्याने हुरूप येतो. खरे, पण लहान कामांस अंत नसतो, आणि संध्याकाळी हुरूप उरत नाही. म्हणून, वाचकहो, निजण्यापूर्वी स्वतःस विचारावे : कोणते काम आठवताच आपले मन दुसरीकडे वळते? तेच उद्याचे पहिले काम समजावे. ते फार मोठे असल्यास त्याचा पहिला भागच करावा. पण दारापर्यंत जावे. अंगण दुपारीही झाडता येते.