उठसूट सुडो!

माना वर करा. काल लॅबच्या मशीनवर तुम्ही जो गोंधळ घातलात, त्याचा हिशेब झाल्याशिवाय आज पुढचा धडा नाही.

काम काय होतं? मुक्ता हा देवनागरी फॉन्ट आपापल्या खात्यापुरता बसवायचा. घरच्या डिरेक्टरीत डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स. फोल्डर नसेल तर बनवा, फाइल टाका, एफसी-कॅश चालवा, झालं. सुडोचा संबंधच येत नाही! तुम्ही मात्र सुडो मारून फाइल थेट यूएसआर-शेअर-फॉन्ट्समध्ये कोंबलीत. ती जागा पॅकेज मॅनेजरची. तिथे हाताने टाकलेल्या फाइलची कुठल्याही पॅकेजात नोंद नसते; ती ठेवायची की काढायची, हे पुढे कोणालाच कळत नाही. फॉन्ट सगळ्यांसाठी हवा असेल तर यूएसआर-लोकल-शेअर-फॉन्ट्स आहे. हे फळ्यावर लिहून दिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

बरं, फॉन्ट यादीत येईना. तेव्हा तरी डोकं चालवायचं! मशीन रीस्टार्ट, परत रीस्टार्ट आणि शेवटी अख्ख्या डिरेक्टरीवर सीएचमॉड ७७७. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! एकदा एलएस -एल मारून बघितलं असतं तर दोष समोरच होता: फाइलचा मालक रूट, परवानगी ६००. रूटशिवाय ती कोणी वाचूच शकत नव्हतं. त्या एका फाइलला ६४४ पुरे होतं. ७७७ करून तुम्ही लॅबमधल्या प्रत्येक खात्याला सिस्टिमचे फॉन्ट खोडायची मोकळीक दिलीत.

आणि ‘सर, अक्षरं तर दिसतायत’ हे मला ऐकवू नका. मागितलेला फॉन्ट नसला की फॉन्टकॉन्फिग त्यातल्या त्यात जुळणारा दुसरा देऊन मोकळं होतं. म्हणून एफसी-मॅचला नाव देऊन विचारायचं, नक्की कोणता फॉन्ट हाती पडतोय. एफसी-लिस्टला भाषा ‘एमआर’ सांगितली की मराठी चालणारे सगळे फॉन्ट पुढ्यात येतात. एफसी-कॅशला -व्ही लावलं की कोणत्या डिरेक्टरीत किती फॉन्ट सापडले, ते ओळीओळीने दिसतं. मशीन काही लपवत नाही. तुम्हीच विचारत नाही, आलेलं उत्तर वाचत नाही, आणि अडलं की सुडो!

हे मशीन एकट्याचं नाही. तुमच्या घाईची किंमत शेजारी बसलेल्याने का मोजायची?

आता उठा. टाकलेली फाइल तिथून काढा. डिरेक्टऱ्या ७५५, फाइली ६४४, दोन्ही वेगवेगळ्या करा. सरसकट ६४४ मारलंत तर रूटशिवाय कोणालाच आत शिरता येणार नाही. आज सुडो वापरायचा तो फक्त हा घोळ निस्तरायला. उद्यापासून जो सुडो टाइप करेल, त्याने त्याचं कारण आधी मला सांगायचं.