पावती दाखव

बस. आणि ‘सर, जरा उशीरच झालाय ना’ हे आधी बंद कर. १९४८चा फार्मसी कायदा मीच तुला शिकवलाय. कलम ३४ काय सांगतं? नूतनीकरणाची फी मुदतीत भरली नाही, तर रजिस्ट्रारने नाव नोंदवहीतून काढायचं. वाटलं तर नव्हे, काढायचंच. नाव पुन्हा लावून घेता येतं, पण त्याच्या अटी पाळून. तोवर तू फार्मसिस्ट नाहीस. आणि कलम ४१? नाव नोंदवहीत नसताना ते आहे असं भासवणं हा गुन्हा. तुझ्या मेडिकलमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी नोंदणी सर्टिफिकेटची ती फ्रेम लटकतेय, कागद पिवळा पडलाय, मुदत केव्हाच उलटलीय. ती फ्रेम गिऱ्हाइकाला रोज काय सांगते?

म्हणे, दुकानाचं लायसन्स चालू आहे! ते वेगळं, हे वेगळं. ते अन्न व औषध प्रशासनाचं, दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरून चालू ठेवायचं. चुकलं तर महिन्याला २ टक्के लेट फी, तीही सहाच महिने. पुढे लायसन्स रद्द धरतात. ती फी तू एक दिवसही चुकवली नाहीस, कारण तिथे शटरला कुलूप लागतं. स्वतःच्या नावाची फी मात्र तुला जड झाली. दर दिवाळीला नवा मोबाइल घेणाऱ्याने फीच्या नावाने गळा काढू नये.

रिफ्रेशर कोर्सचं तर बोलूच नकोस. २०१५च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांत किमान दोन, प्रत्येकी निदान एक दिवसाचा. पाच वर्षांत दोन दिवस! तेही बसायला नको म्हणून ‘हजेरीचं काही जमेल का’ विचारायला माझ्याकडे आलास. माझ्याकडे!

परवा तुझ्या काउंटरशी मी उभा होतो. संधिवाताच्या एक आजी आल्या. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. तुझ्या बारावी पास पोराने स्ट्रिप कापली, पाकिटावर पेनने लिहिलं १-०-०. म्हणजे रोज सकाळी एक. तू आत मागवलेल्या मालाची बिलं तपासत होतास. मी पाकीट त्यांच्या हातून काढून घेतलं. ती गोळी रोज पोटात गेली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावतो. हे तुला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंसही. मग त्या क्षणी काउंटरवर तू का नव्हतास? चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, हा नियम कुणासाठी केलाय, बिलांसाठी?

आणि सर्टिफिकेट भाड्याने देऊन दुसरीकडे नोकरी करणारा तुझा तो दोस्त. त्यालाही माझा हा निरोप दे, शब्दही न बदलता.

आता ऐक. नाव पुन्हा लावायचा फार्मसी कौन्सिलचा अर्ज आजच भर, स्वतःच्या हाताने. एजंटाकडे फिरकायचं नाही. येत्या रिफ्रेशरला नाव नोंदव आणि पहिल्या रांगेत बस. नाव परत लागेपर्यंत काउंटरवर नोंदणी असलेला माणूस उभा कर. मिळाला नाही, तर चिठ्ठीवरचं एकही औषध द्यायचं नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ती फ्रेम आज उतरव. आणि त्या आजींचा पत्ता मी घेऊन ठेवलाय, हा घे. आधी तिकडे जा आणि मागच्या महिन्याच्या पाकिटावर तुझ्या पोराने काय लिहिलं होतं ते बघ.