संतचरित्रांच्या समासातला खेळ

गोठलेल्या पाण्यावर घसरत जाण्याच्या हिवाळी खेळाचे, म्हणजे आइस स्केटिंगचे, जे जुने युरोपीय पुरावे उपलब्ध आहेत, त्यांपैकी दोन महत्त्वाचे पुरावे संतचरित्रांत आले आहेत, आणि दोन्ही ठिकाणी खेळ हा चरित्राचा विषय नाही. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन या धर्मसेवकाने आर्चबिशप टॉमस बेकेट याच्या चरित्राच्या आरंभी लंडनचे वर्णन केले. शहराच्या उत्तरेकडील मूरफील्ड्सची दलदल गोठली, की तरुण मुले जनावरांच्या नडगीची हाडे पायांखाली बांधत, लोखंडी टोकाच्या काठ्या बर्फात रोवून स्वतःला पुढे ढकलत आणि एकमेकांवर आदळून हातपायही मोडून घेत, असे त्यात नोंदले आहे. दुसरा पुरावा नेदरलँड्समधील स्खीडामच्या लिडविनाचा आहे. १३८० साली जन्मलेली ही मुलगी १३९५-९६ च्या हिवाळ्यात बर्फावर पडली, तिची बरगडी मोडली, आणि त्यानंतर १४३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्यातून बरी झाली नाही. योहानेस ब्रुगमन याने लिहिलेले तिचे चरित्र १४९८ मध्ये छापले गेले, तेव्हा लाकडी ठशाच्या एका चित्रात तिचे पडणे दाखवण्यात आले.

मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात ईश्वरी योजना ही कल्पना मध्यवर्ती होती. जगात घडणारी कोणतीही गोष्ट, ती कितीही आकस्मिक भासली तरी, ईश्वराच्या हेतूबाहेर नसते, असा तिचा आशय. या दृष्टीने लिडविनाचे पडणे हा अपघात उरत नाही, तर तिला ख्रिस्ताच्या यातनांत सहभागी करून घेणारे बोलावणे ठरते. पुढे १८९० मध्ये पोप तेरावे लिओ यांनी तिला संतपद दिले, आणि दीर्घ आजाऱ्यांबरोबरच स्केटिंग करणाऱ्यांचीही ती आश्रयदाती संत मानली जाते. खेळाने जिचे शरीर मोडले तीच त्या खेळाची रक्षक व्हावी, यात श्रद्धेची एक सुसंगती आहे, परंतु या सुसंगतीत अर्थ मिळाला तो पडण्याला. घसरण्याला तो मिळालाच नाही.

हाच कल धर्मसंस्थेबाहेरही दिसतो. थोरल्या पीटर ब्रॉयगलने १५५८ मध्ये अँटवर्पच्या वेशीबाहेरील स्केटिंगचे जे दृश्य रेखाटले, त्याच्या कोरीव छापाच्या नंतरच्या आवृत्तीत मानवी जीवन निसरडे असल्याचा बोध जोडण्यात आला. चित्रातली माणसे खेळत आहेत. बोध मागाहून चिकटवलेला आहे, आणि तो तसाच वाटतो.

वास्तविक १४९८ च्या त्या चित्रातच या बोधाचे उत्तर आहे. पडलेल्या लिडविनाच्या मागे एक पुरुष एका पायावर तोल सांभाळून चाललेला दिसतो. हाडाच्या स्केटला धार नसल्याने ती बर्फात रुतत नाही आणि काठीवाचून पुढे जाता येत नाही; धातूच्या पात्याची कड मात्र बर्फात रुतते, त्यामुळे एका पायाने बाजूला रेटा देऊन दुसऱ्यावर घसरता येते आणि हात मोकळे राहतात. त्या पार्श्वभूमीवरच्या माणसाची ढब या धारदार पात्याचीच साक्ष देते. म्हणजे निसरडेपण हे त्याच्यावरचे संकट नाही, ते त्याच्या गतीचे साधन आहे. पण चरित्रकाराला या माणसाशी काही कर्तव्य नव्हते.

मग खेळाला स्वतःचे मूल्य आहे काय? ॲरिस्टॉटलच्या मते करमणूक ही विश्रांती असून पुन्हा कामाला लागण्यासाठी ती हवी असते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याच धाग्याने जाऊन खेळातील संयमित रसिकतेला सद्गुण मानले, ही उदारता लहान नव्हे. तथापि तिथेही खेळ थकलेल्या मनाचे औषध म्हणूनच येतो. नेदरलँड्समधील गोठलेल्या कालव्यांवरच्या खेळाला हे स्पष्टीकरण तोकडे पडते. तिथे थंडीने नावा अडकत, पाण्यावरची कामे खोळंबत, आणि हेन्ड्रिक आफरकाम्पच्या सतराव्या शतकातील चित्रांत दिसते त्याप्रमाणे श्रीमंत आणि गरीब त्याच बर्फावर उतरत. हे श्रमानंतरचे विश्रांतीचे क्षण नव्हेत, कारण काम निसर्गानेच थांबवलेले होते. भारतीय वेदान्तातील लीलेशीही याची सरसकट तुलना करता येत नाही. लीला ही ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही अशा ईश्वराची क्रीडा आहे, आणि इथे तर टंचाईच्या ऋतूत माणसे खेळत होती.

डच इतिहासकार योहान हौझिंगा याने १९३८ च्या ‘होमो ल्यूडेन्स’ या ग्रंथात खेळाला स्वतःची वेगळी जागा, वेळ आणि नियम असतात, असे प्रतिपादन करून धर्मविधीचे क्षेत्रही तसेच आखलेले असते, याकडे लक्ष वेधले. स्केटिंगच्या बाबतीत मात्र ही आखणी मुळात माणसाची नसून थंडीची होती. किमान १८७६ मध्ये लंडनमध्ये जॉन गॅमजीने कृत्रिम बर्फाचे मैदान उघडेपर्यंत तरी.

धर्म आणि हा खेळ यांचा सर्वांत निःसंकोच मेळ स्कॉटलंडमध्ये दिसतो. एडिंबरो स्केटिंग क्लबच्या प्रवेशपरीक्षेत प्रत्येक पायावर पूर्ण वर्तुळ काढावे लागे आणि अनुक्रमे एक, दोन व तीन हॅटींवरून उडी मारावी लागे. कॅननगेट चर्चचा धर्मोपदेशक रॉबर्ट वॉकर, ज्याचे बालपण रॉटरडॅममध्ये गेले होते, या क्लबचा सभासद होता. हेन्री रेबर्नच्या नावावर असलेल्या १७९० च्या दशकातील चित्रात तो काळ्या पोशाखात, हाताची घडी घालून डडिंग्स्टनच्या गोठलेल्या तळ्यावर एका पायावर चालला आहे. तो धर्मोपदेशक आहे हे शीर्षकावरून कळते. त्याच्या घसरण्यातून तसे काही सुचवावे, असा चित्रकाराचा हेतू दिसत नाही.