अंगावरचं गोंदण, चर्चमधलं लाकूड

पॅसिफिक महासागरातल्या मार्केसस बेटांपैकी नुकू हिवा या बेटावर तायोहाए नावाचं बंदराचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये क्रुसाच्या वाटेचे प्रसंग लाकडात कोरले आहेत, आणि त्यातली गेथशेमानेची बाग नीरफणसांची आहे. अटकेच्या रात्री, पकडलं जाण्याआधी येशूनं जिथं गुडघे टेकून प्रार्थना केली, तिथं जैतुनाची झाडं असायची; इथं नीरफणसाची रुंद, कातरलेली पानं दिसतात. कोकणात आणि गोव्यात नीरफणसाची कापं तव्यावर परतून खाल्ली जातात, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना ते पान पाहताक्षणी ओळखू येईल. झाड मूळचं पॅसिफिकचंच. आपल्या ताटात ते कधीमधी येतं. मार्केससमध्ये अख्ख्या पिढ्या त्यावर जगल्या. हंगामातली फळं खड्ड्यात पुरून आंबवायची आणि दुष्काळ पडला की तो आंबलेला लगदा काढून पोट भरायचं, अशी तिथली शेकडो वर्षांची रीत. ज्या झाडानं आपल्या वाडवडिलांना उपासमारीतून तारलं, त्याच्याच सावलीत येशूला ती शेवटची रात्र काढू द्यायची, असं कोरणाऱ्यानं ठरवलं. या निर्णयामागे धर्माचा जितका विचार आहे तितका जाड ग्रंथांतही क्वचित सापडतो.

अशा कलेला दाद पटकन मिळते. दोन संस्कृतींचा सुंदर मिलाफ, असं म्हणून माणूस पुढे जातो. मला मात्र इथं थांबावंसं वाटतं. त्या लाकडावर जे हात फिरले, त्यांच्या मागच्या पिढ्यांचं काय झालं हे कळल्याशिवाय त्या नक्षीकडे नीट पाहताच येत नाही. मार्केससची ही नक्षी मुळात माणसांच्या अंगावर होती. तिथून ती पुसून काढण्यात चर्चचा हात होता. आणि शेवटी ती चर्चच्याच भिंतीवर येऊन बसली. हा प्रवास मला मिलाफापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

या बेटांवर ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा बंदुकीसोबत आलं. जुलै 1595 मध्ये आल्वारो दे मेंदान्या हा स्पॅनिश दर्यावर्दी इथं पोचला. पेरूच्या व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ त्यानं बेटांना ‘मार्केसस’ हे नाव दिलं. ताहुआता बेटावरच्या वायताहू खाडीचं नाव त्यानं ठेवलं ‘माद्रे दे दिओस’, म्हणजे देवाची आई. तिथं मिस्सा झाली, क्रूस उभे राहिले. त्याच मुक्कामात स्पॅनिश सैनिकांनी किती बेटवासी मारले याचा अंदाज मोहिमेचा मुख्य नाविक किरोस यानं नोंदवला आहे: सुमारे 200. मरियेचं नाव दिलेल्या खाडीत हे घडलं.

त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी, 1838 मध्ये, पवित्र हृदयांच्या संघाचे फ्रेंच मिशनरी त्याच वायताहूत उतरले. 1842 मध्ये फ्रान्सनं बेटं ताब्यात घेतली. पुढचं शतक मरणाचं होतं. बाहेरून आलेले रोग, दारू, अफू आणि बंदुका यांनी खोरीच्या खोरी ओस पाडली. घरांचे दगडी चौथरे उरले, त्यांवर रान माजलं. 1920च्या दशकात सगळ्या बेटांवर मिळून जेमतेम दोन हजार माणसं शिल्लक होती.

मार्केससमध्ये गोंदण म्हणजे हौस नव्हती. माणूस कोण, कुठल्या घराण्याचा, त्यानं काय मिळवलं, हे सगळं त्याच्या अंगावर वाचता येई. काही पुरुषांचं तर टाळूपासून पावलापर्यंत सर्वांग गोंदलेलं असे. एकोणिसाव्या शतकात मिशन आणि वसाहतीचा कारभार यांनी मिळून गोंदणावर, ढोलांवर, जुन्या नाचगाण्यांवर बंदी आणली. 1863 मध्ये लागू झालेले नियम बिशप दोर्दियों यांच्या नावानं ओळखले जातात. याच दोर्दियोंनी आयुष्यभर खपून मार्केसन भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. त्यांच्या मृत्यूनंतर तो छापला गेला आणि आजही त्याच्याशिवाय अभ्यासकांचं पान हलत नाही. भाषा वाचवणारा आणि त्या भाषेतली गाणी बंद करणारा माणूस एकच. त्यांना नुसतं दुष्ट म्हणणं सोपं आहे, नुसतं विद्वान म्हणणंही सोपं आहे. त्या काळातल्या मिशनऱ्याला भाषा हे देवाचं देणं वाटे आणि गोंदलेली कातडी हे सैतानाचं लिखाण. दोन्ही एकाच लोकांच्या एकाच जगण्यातून आलं होतं, हे त्याला दिसलं नाही. त्या न दिसण्याची किंमत मोजली बेटवासीयांनी.

मग ती नक्षी गेली कुठे? ती लाकडावर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्केसन कारागीर येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांना आणि अधिकाऱ्यांना वल्ही, गदा, कटोरे विकू लागले. त्या वस्तूंवर गोंदणाच्या आकृत्या अगदी दाट, बोटभर जागा न सोडता कोरलेल्या दिसतात. जुनी वल्ही वापरायची होती, त्यामुळे बरीच साधी असत. ही विकायची वल्ही मात्र नखशिखांत गोंदलेली. कातडीवर जे काढायला मनाई होती, ते लाकडावर काढायला कुणी हरकत घेतली नाही, कारण त्याला गिऱ्हाईक होतं. बाजारासाठी केलेली कला हलकी, असं आपण सरसकट म्हणतो. इथं त्या बाजारानंच एका लोकसमूहाची लिपी जपून ठेवली.

1897-98 मध्ये कार्ल फॉन डेन श्टाइनेन हा जर्मन अभ्यासक बेटांवर आला आणि ज्यांच्या अंगावर अजून जुनं गोंदण होतं अशा म्हाताऱ्यांच्या आकृत्या त्यानं बारकाईनं उतरवून घेतल्या. त्याचे जाडजूड खंड 1920च्या दशकात जर्मनीत निघाले. पुढे मार्केससमधली नवी पिढी त्याच पानांवरून आपल्या पणजोबांचं गोंदण पुन्हा शिकली.

तायोहाएचं कॅथेड्रल 1970च्या दशकात उभं राहिलं. जुन्या चर्चचे दोन दगडी मनोरे आवाराच्या प्रवेशाशी तसेच ठेवले आहेत. बांधकामात माणसांची वस्ती असलेल्या सहाही बेटांवरून आणलेला दगड आहे. आतलं प्रवचनपीठ भव्य आहे आणि त्यावर चार शुभवर्तमानकारांची चिन्हं कोरली आहेत. या बेटांवरचे कारागीर तौ, मीरो, तेमानू अशी लाकडं वापरतात. त्यातलं मीरो म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा परसपिंपळ आणि तेमानू म्हणजे उंडी, जिच्या बियांचं तेल कोकणातल्या जुन्या घरांत दिव्याला जाळत. शेजारच्या उआ पोऊ बेटावर हाकाहाऊच्या चर्चमध्ये तर प्रवचनपीठ म्हणजे होडीची नाळ आहे, खाली माशांनी भरलेलं जाळं. गालिलीच्या सरोवरातल्या कोळ्यांची गोष्ट सांगायला समुद्रावर जगणाऱ्यांना दुसरं रूपक शोधावं लागलं नाही.

हे सगळं त्याच दशकात कसं घडलं? एक कारण रोममध्ये होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 च्या उपासनाविषयक घोषणापत्रात स्पष्ट म्हटलं की चर्चनं कुठलीही एक कलाशैली स्वतःची म्हणून स्वीकारलेली नाही, आणि प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला उपासनेत जागा आहे. कागदावरची अशी वाक्यं जगभर पोचली आणि बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. मार्केससमध्ये ती उतरली याचं मोठं श्रेय 1973 मध्ये तिथं बिशप झालेल्या एर्वे-मारी ल क्लेआक यांना जातं. ते ब्रिटनीचे होते. फ्रान्सच्या त्या भागात शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई, गळ्यात लाकडी खडावासारखी वस्तू अडकवून त्यांना वर्गासमोर उभं करत. घरची भाषा लाजेची ठरते तेव्हा काय होतं, हे अशा मुलखातून आलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी उपासना मार्केसन भाषेत आणली, स्वतः शब्दकोशाचं काम केलं, आणि उआ पोऊचे शिक्षक तोती तेइकिएहूपोको व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ‘मोतू हाका’ ही संस्था स्थापली तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहिले. भाषा, नाच, गोंदण, कोरीवकाम हे सारं परत उभं करायचं, हा तिचा हेतू.

बिशपांनी संस्कृती वाचवली, असं मी म्हणणार नाही. वाचवली ती त्या शिक्षकांनी, कारागिरांनी आणि जुनी गाणी मनात जपलेल्या म्हाताऱ्या बायकांनी. बिशपांनी दार उघडलं, आणि ज्या संस्थेनं ते बंद केलं होतं तिच्या प्रमुखानंच ते उघडणं गरजेचं होतं. बंदी देवाच्या नावानं आली होती. ती देवाच्या नावानंच उठली नसती, तर श्रद्धाळू घरातल्या मुलानं गोंदून घेताना आयुष्यभर अपराधी वाटून घेतलं असतं.

बाहेरच्यानं केलेला मिलाफ आणि आतल्यानं केलेला मिलाफ यांतला फरक पाहायचा असेल तर फ्रेंच चित्रकार गोगँचं चित्र समोर ठेवावं. 1891 मध्ये ताहितीत त्यानं मरियेला पोलिनेशियन स्त्री म्हणून रंगवलं, बाळ येशू तिच्या खांद्यावर, पुढ्यात फळं. चित्र अप्रतिम आहे. पण हात जोडून उभ्या असलेल्या दोन ताहिती बायकांची ठेवण त्यानं उचलली ती जावामधल्या बोरोबुदुरच्या शिल्पांच्या छायाचित्रावरून. त्याच्या नजरेत पूर्वेकडचं सगळंच एका रंगाचं होतं, कुठलंही कुठंही बसत होतं. शेवटची वर्षं त्यानं मार्केससमध्येच काढली, तिथल्या बिशपशी कडाक्याचं भांडण केलं आणि 1903 मध्ये हिवा ओआ बेटावर तो वारला. तायोहाएच्या कारागिरानं नीरफणसाचं पान कोरलं तेव्हा त्याला छायाचित्र लागलं नाही. ते झाड त्याच्या दारात होतं, आणि तो येशूही आता त्याचा होता.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. फादर स्टीफन्सनी मराठी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं, आणि त्याच गोव्यात 1684 मध्ये स्थानिक भाषेवर बंदी आणणारं फर्मान निघालं. विसाव्या शतकात गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून साडीतली मरिया रंगवली. गोव्यातल्या धर्ममंडळींना ती रुचली नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि 1967 मध्ये पुण्यातच गेले. त्यांची चित्रं आज संग्रहात आहेत, अभ्यासक त्यांच्यावर लिहितात. पण तायोहाएच्या लाकडासमोर जसं रोज गुडघे टेकले जातात, तसं भाग्य त्या मरियेच्या वाट्याला किती आलं? संग्रहालयातलं चित्र आपण पाहतो. वेदीजवळचं चित्र आजारी मुलाची आई पाहते, आणि तिच्या नजरेखाली त्या कलेचा कस लागतो. मार्केससच्या कारागिरांनी ती परीक्षा दिली आहे.

वायताहूत 1988 मध्ये, मिशनरी येण्याला 150 वर्षं झाल्यानिमित्त, नवं चर्च झालं. नुकू हिवाचे शिल्पकार दामियँ हातुराउ यांनी घडवलेली लाकडी मरिया आणि बाळ तिथं आहेत. दोघांचे चेहरे मार्केसन. खाडीला देवाच्या आईचं नाव देऊन सैनिकांनी जिथं माणसं मारली, तिथं आता देवाची आई मारल्या गेलेल्यांच्या चेहऱ्याची आहे. 1595 च्या त्या 200 जणांची आठवणही चर्चच्या उत्सवात जाहीरपणे व्हावी असं मला मनापासून वाटतं. सुंदर शिल्पानं हिशेब मिटत नाही, आणि शिल्पकाराकडून तशी अपेक्षा करणंही त्याच्यावर अन्याय आहे.

या कलेला आज दोन आश्रयदाते आहेत. एक बाजार: ताहितीहून येणाऱ्या जहाजांतले प्रवासी सामानात मावतील एवढे तिकी, म्हणजे कोरलेल्या मानवाकृती, आणि कटोरे घेतात. दुसरा आश्रय सामूहिक कामांचा, आणि मोठ्या आकाराचं, अख्ख्या ओंडक्यात घडवायचं काम प्रामुख्यानं तिथंच होतं. आधी चर्चनं ते दिलं. 1987 मध्ये उआ पोऊवर मार्केससचा पहिला कलामहोत्सव भरला, आणि पुढच्या महोत्सवांसाठी रानात बुडालेली जुनी दगडी प्रांगणं साफ करून परत उभारली गेली, तिथं नवे तिकी बसले. 2024 च्या जुलैमध्ये जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत झाली तेव्हा ही बेटं ‘ते हेनुआ एनाता’ या आपल्या नावानं यादीत गेली. आज बेटांवरच्या नऊ हजारांच्या आसपास लोकांपैकी बहुसंख्य कॅथलिक आहेत, आणि रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या अनेकांच्या दंडावर, पाठीवर तेच गोंदण पुन्हा आलं आहे.