एका संख्येचे स्वतःचे काय?

सज्जनहो, १४२८५७ ही संख्या पाटीवर लिहून पाहा. दुप्पट केली की २८५७१४, तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२. आकडे तेच सहा, क्रमही तोच. रिंगणात पहिला कोण, एवढेच बदलले. आणि सातपट कराल तर एकदम ९९९९९९! पोरे टाळ्या पिटतात आणि जाणतेही क्षणभर गप्प होतात.

अशा संख्यांवर दुकान मांडणारेही आहेत. हा अंक शुभ, तो गाडीवर घाला, तो तिथीला साधा. भाबडा मनुष्य खिसा रिकामा करतो. म्हणून विचारावयाचे ते हे, की हा चमत्कार त्या संख्येचा, की आपल्या लिहिण्याचा?

एकाला सातांनी भागावयास बसा. बाक्या येतात ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सातांनी भागताना शून्याखेरीज बाक्या सहाच. त्या येऊन गेल्या की फेरी नव्याने सुरू. भागाकारात १४२८५७ हेच आकडे फिरून फिरून उमटतात. एकाऐवजी दोनाला भागा, तीच फेरी दोन या बाकीपासून निघते. दुपटीचे गूढ ते एवढेच.

पण बाकीपुढे शून्य मांडतो कोण? आपण! हाताला दहा बोटे, म्हणून दहादहांची मोजणी. आठाआठांनी मोजणाऱ्याच्या वहीत हीच संख्या ४२७०११ अशी उतरेल आणि रिंगण मोडेल. तिचे २७, ११, १३ आणि ३७ हे अवयव मात्र हलणार नाहीत. तेवढ्या आंब्यांच्या सदतीस सारख्या राशी कोणत्याही वहीत होतातच. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली म्हणजे तो तांबडा दिसतो. तांबडेपण उपाधीचे, स्वच्छपणा त्याचा.

मग देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी काय फुकट वेळ घालविला? शाळामास्तर मनुष्य, मोठी पदवी नाही, आणि छंद असल्याच संख्यांचा. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत हीही आहे. असले खेळ दहाच्या मांडणीपुरते, म्हणून काही पंडितांनी ते हलके लेखले. मला हे पटत नाही. नैयायिक म्हणतात, दोनपासून पुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीने उपजतात, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनाने. असू द्या. मोजणे आमचे, पण दहा धरल्यावर सातांची फेरी सहाच पावलांत पुरी व्हावी, हे कोणा मोजणाऱ्याच्या मर्जीवर नाही. उपाधीलाही नियम आहे. तो नियम शोधणे वेगळे आणि त्याचा ताईत करून विकणे वेगळे. कापरेकरांनी पहिले केले.

त्यांची रीत सोपी. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. आपल्या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करा आणि बेरीज तुम्हीच घाला.