रात्रपाळीचे बाबा चित्रात कुठे आहेत?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीलगतच्या खोल्यांमध्ये खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं राहतात. कुणाचे बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपतात, कुणाची आजी गावाकडे असते आणि फोनवरच भेटते, कुठे आई एकटीच कमावते. यांच्या मुलांपुढे पुस्तकांत आपण ‘माझं घर’ म्हणून कोणतं चित्र ठेवतो? अंगण, तुळस, पेपर वाचणारे बाबा, पोळ्या लाटणारी आई. चित्र खोटं नाही, पण ते एकच आहे. ते सारखं पाहून चार वर्षांचं मूल ठरवून टाकतं की पुस्तकं दुसऱ्यांच्या घरांबद्दल असतात.

असाच प्रश्न अमेरिकेत एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारला होता: पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का? शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तो प्रश्न मनावर घेतला. १९६२ ते १९६४ या काळातली पाच हजारांवर बालपुस्तकं त्यांनी तपासली आणि १९६५ मध्ये लिहिलं, की कृष्णवर्णीय व्यक्ती जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत दिसते. त्याच काळात, १९६२ मध्ये, एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक आलं. त्यातला छोटा पीटर कृष्णवर्णीय आहे, पण गोष्ट आहे बर्फात खेळण्याची. त्याचा वर्ण हा गोष्टीचा विषय नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मुस्लिम मूल गोष्टीत येतं ते बहुधा ईदला, आदिवासी मूल येतं ते नाच करायला. सणाचं पान उलटलं की ती दोघं पुस्तकाबाहेर! त्यांना दात पडण्याची, भावाशी भांडण्याची गोष्ट कधी मिळणार?

अशा रोजच्या गोष्टी लिहिता येतात. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास संस्थेच्या पुढाकाराने २००८ मध्ये आलेल्या ‘डिफरंट टेल्स’ या बालपुस्तकांच्या मालेत मोहम्मद खदीरबाबू यांची ‘हेड करी’ आहे. तिचा विषय मुंडीचं कालवण. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रविवारी मटण शिजतं, चित्रपुस्तकातल्या ताटात मात्र वरण-भातच असतो.

मराठीत बारकाईने पाहणारी नजर नाही असं मुळीच नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधली माणसं किती खरी आहेत! पण राधाचं घर मध्यमवर्गीय आहे, आणि एका लेखिकेने सगळ्यांची घरं काढावीत ही अपेक्षाच चूक.

मार्ग मराठी मातीतच सापडतो. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्मली ती अशी. पुढे कोसबाडला त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं हीच शिकण्याची साधनं केली. पुस्तकही असंच वस्तीतून उभं राहू शकतं. अंबडच्या अंगणवाडीतल्या ताईंनी मुलांना आपापल्या घराबद्दल बोलतं करावं, चित्रकाराने तिथे बसून पाहावं, आणि मजकूर अहिराणी, भोजपुरी, मराठी या तिन्ही भाषांत छापावा. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मुक्त परवान्याची पुस्तकं आहेत. ती कुणीही भाषांतरित करून छापू शकतं, त्यामुळे सगळं शून्यापासून करायचीही गरज नाही. खर्च येईल तो मुख्यतः चित्रकाराच्या मानधनाचा आणि छपाईचा. तो कारखान्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून मागायला हवा, कारण ही मुलं त्याच कारखान्यांत राबणाऱ्यांची आहेत.