लेक परदेशी, पाळणा परदेशी

कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून लोक पांगू लागतात, आणि मग मागे थांबलेले एखादे जोडपे जवळ येते. वय साठीच्या पुढे. लेक किंवा मुलगा परदेशात, नातवंडही तिकडेच जन्मलेले. प्रश्न ठरलेला असतो : "महाराज, आम्ही इकडे दोघं, ती पोरं तिकडे तान्हं घेऊन दोघं. यात चुकतंय कोणाचं?" चिमूरसारख्या गावात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न क्वचित निघायचा. तेव्हा पोरगा नागपूरला नोकरीला लागला तरी तो दूर गेला म्हणायचे. आता ताडोब्याच्या जंगलाला लागून असलेल्या आपल्या तालुक्यातल्या घरांतूनही कोणी जर्मनीत आहे, कोणी अमेरिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात.

या प्रश्नाला झटपट उत्तर देणारे पुष्कळ आहेत. एक म्हणतो, पैशापायी आईबाप टाकले. दुसरा म्हणतो, जग लहान झाले, फोनवर रोज दिसतात की, रडता कशाला. मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. पहिल्यात दया नाही आणि दुसरे खरे नाही.

आधी त्या तान्ह्याच्या घरात काय चालते ते पाहू. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायचे. त्यामागे नुसता लाड नव्हता, व्यवस्था होती. आई, काकू, शेजारीण, तेल लावून अंघोळ घालणारी बाई, शेक-धुरी, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा. सव्वा महिना बाळंतिणीने फक्त बाळाला पाजायचे आणि झोपायचे. परदेशात हे सगळे दोन माणसांवर येते. आमच्या भजनी मंडळातली एक माउली लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आली. तिने ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी द्यायला घेतली तोच छताला लावलेला धुराचा भोंगा घर दणाणून ओरडू लागला. बाळ रडायला, लेक हसायला आणि ही बिचारी रामकृष्णहरी म्हणत खिडक्या उघडायला. ती हे सांगते तेव्हा सगळे हसतात. पण पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाला तिथे बहुधा एका वेळी सहा महिनेच राहता येते. सहा महिने संपले, बाळ नुकते पालथे पडू लागले होते, आणि हिला परत यावे लागले. ते सांगताना तिचा आवाज बसतो, आणि मग कोणी हसत नाही.

आपल्या देशात 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांची झाली. अमेरिकेत 1993 च्या कायद्याने 12 आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि सगळ्यांनाच नाही. म्हणजे ज्या देशात मागे कोणी नाही तिथेच बाळंतिणीने लवकर उभे राहायचे. रात्री तीन वाजता बाळाला खांद्यावर टाकून घरात फेऱ्या मारणाऱ्या पोरीला चिमूरच्या अंगणाची आठवण येते, ती करमणूक म्हणून नव्हे. हात कमी पडतात म्हणून येते.

आता धर्माचे पाहू. वारकऱ्यापुढे हा प्रश्न आला की पहिली आठवण पुंडलिकाची. आणि ती कथा, खरे सांगायचे तर, परदेशी गेलेल्या मुलाच्या बाजूची नाही. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत होता, दारात देव आला, त्याने वीट फेकली आणि थांब म्हटले. देव अजून थांबला आहे. या कथेतून आईबापांना वगळता येत नाही. 'बाळाची सेवा तीही सेवाच' असे म्हणून काही जण हळूच वाट काढतात, तेवढ्याने भागणार नाही. पुंडलिकाच्या मांडीवर तान्हे नव्हते, म्हातारी माणसे होती.

तरी कथा नीट ऐकावी. पुंडलिकाने देवाला थांबवले ते हात मोकळे नव्हते म्हणून. ज्या देहाला त्या घटकेला त्याची गरज होती तो देह सोडून तो उठला नाही. वीट हे सबब सांगणे नव्हते. म्हणून मला वाटते की दीड-दोन वर्षांचे लेकरू घेऊन परमुलखात उभ्या असलेल्या जोडप्याला ही कथा दोषी धरत नाही. त्यांचे हात खरोखर भरलेले आहेत. पण लेकरू पाच वर्षांचे झाले, शाळेत जाऊ लागले, घर घेतले, गाडी घेतली, आणि तरी आईबापांना 'थांबा' असेच म्हणणे चालू राहिले, तर ती वीट पुंडलिकाची राहत नाही. हाच पुंडलिक आधी आईबापांना छळून काशीला निघाला होता हेही त्याच कथेत आहे. वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो मागे फिरला. मागे फिरायची सोय कथेने ठेवली आहे. मुदत मात्र सांगितलेली नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना मुदत असते.

दुसरी आठवण आळंदीची. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला राहिले होते. मागे पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना प्रपंचात परत पाठवले. परमार्थाच्या नावाखालीही घर टाकू देत नाही असा हा संप्रदाय आहे. पण त्यापुढचा भाग आपण घाईने सांगतो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरे त्या दोघांनी कशी वाढवली? गावाने वाळीत टाकलेले. बाळंतपणाला बाई नाही, बारशाला शेजार नाही, मुंजीला ब्राह्मण नाही. स्वतःच्या गावात राहून परदेश. अमृताचा सागर ज्याच्या मुखातून वाहिला ते लेकरू अशा घरात रांगले. ही गोष्ट आपण ज्ञानदेवांच्या थोरवीसाठी सांगतो. रुक्मिणीबाईंसाठी सांगत नाही. चार लेकरांमागे धावणाऱ्या त्या आईला रात्री कोण हात देत होते? परदेशातल्या बाळंतिणीचे दुःख आपल्या संप्रदायाला नवीन नाही, ते आपल्या पहिल्याच घरात आहे.

आता ओढीविषयी. घरची आठवण हा रोग समजून लोक तिच्यावर उपाय सांगतात. वारकऱ्याने तसे करू नये. आपण पंढरीला माहेर म्हणतो. माहेर म्हणजे काय? जिथे कायम राहता येत नाही ते. सासरी नांदणारीलाच माहेर असते. वारी या शब्दातच जाणे आणि परत येणे आहे. पंढरीलाच मुक्काम ठोकला तर वारी उरत नाही. ज्ञानदेवांच्या विराण्या घ्या, नामदेवरायांची पांडुरंगासाठीची तळमळ घ्या, आपल्या भक्तीचा मोठा भाग हा दूर असल्याचा आहे. म्हणून सणाला डोळे भरून येणाऱ्या पोरीला 'मन रमव, विसरशील' असे सांगू नका. विसरली तर काय उरेल?

नामदेवरायांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. पांडुरंगाला एक दिवस सोडायला तयार नसलेला हा भक्त पुढे पंजाबात गेला. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे पुष्कळ वर्षे वास्तव्य झाले असे परंपरा सांगते. 2015 साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले ते याच नात्याने. तिथे ते मराठी धरून बसले नाहीत. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, ती उत्तरेकडच्या बोलीत आहेत आणि मधून मधून मराठी वळण डोकावते. नातू मराठी बोलत नाही म्हणून खंतावणाऱ्या आजोबांना मी हे सांगतो. त्याने शाळेची भाषा बोलावी, त्यात पाप नाही. पण मराठी वळण डोकावायला हवे असेल तर घरात कोणीतरी रोज मराठी बोलले पाहिजे. आठवड्यातून एकदा फोनवर 'आजोबांना नमस्कार कर' एवढ्याने वळण लागत नाही.

आणि चिमूरला ताटातूट माहीत नाही असे कोणी म्हणू नये. 16 ऑगस्ट 1942 ला या गावाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना त्याच चळवळीत तुरुंगवास घडला. गावातल्या पुष्कळ पुरुषांना धरून नेले, कित्येकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या, त्या पुढे जन्मठेपेत बदलल्या. त्या वर्षांत किती पाळण्यांना बाप नव्हता? त्या बायकांनी घर चालवले, रोवणी केली, लेकरे मोठी केली. ती ताटातूट आणि ही एक नव्हे, मला ठाऊक आहे. ती लादलेली होती, ही पत्करलेली. पण तेव्हा त्या घरांना धरून ठेवले ते शेजारपाजाराने, आणि माझ्या मनात सारखे तेच येते.

रोवणीवरून आठवले. आपला मुलूख धानाचा. आषाढ लागला की पऱ्हे उपटून बांधीत रोवायची घाई, त्यामुळे मनात असूनही पंढरीची आषाढी अनेकांना घडत नाही. म्हणून आपल्या भागाने धापेवाडा जपला. कोलबा स्वामींना पंढरीला जाणे होईना, तेव्हा विठ्ठलच तिथे आला अशी श्रद्धा आहे. तिथल्या नदीलाही चंद्रभागाच म्हणतात, आणि आषाढ वद्य प्रतिपदेला पांडुरंग धापेवाड्यात असतो म्हणून यात्रा भरते. ज्याला जाता येत नाही त्याच्याकडे यायची देवालाही लाज वाटत नाही. मग आईबापांनी पोरांकडे जायला, किंवा पोरांनी रजा जमवून इकडे यायला, मान कशाला आड यावा? 'आधी त्यांनी यावे' हा हिशेब मी दोन्हीकडून ऐकतो.

वारकऱ्याची खरी ताकद ओढीत नाही, नेमात आहे. ओढ कमी-जास्त होते, एकादशी चुकत नाही. तसा नेम दूरच्या घरांनी लावून घ्यावा. इथे संध्याकाळी सहाला हरिपाठ सुरू होतो तेव्हा अमेरिकेच्या मध्यभागात उन्हाळ्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतात. फोन समोर ठेवून पाळण्यातल्या लेकराला रोज टाळ ऐकू जाऊ द्यावा. बोलायचे काहीच नसले तरी चालते. आईबापांनीही एक नेम पाळावा : दर फोनला 'कधी येणार' विचारू नये. रात्रभर जागलेल्या आईला तो प्रश्न प्रेमाचा वाटत नाही, वसुलीचा वाटतो.

पण नेमालाही मर्यादा आहे. बाप न्हाणीघरात घसरून पडला तर फोनवरचा हरिपाठ त्याला उचलत नाही. इथून चंद्रपूरला किंवा नागपूरला दवाखान्यात न्यायला गाडी, माणूस आणि रात्रीची सोबत लागते. दिंडीत चालताना म्हाताऱ्याची पिशवी कोणीही न विचारता खांद्यावर घेतो, पाय सुजले तर तेल चोळतो. तीच दिंडी गावी परतल्यावर उरलेले अकरा महिने काय करते? तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली ती गावासाठी, एकेका घरासाठी नव्हे. प्रत्येक दिंडीच्या वहीत विणेकऱ्यांची, टाळकऱ्यांची नावे असतात. त्याच वहीत आणखी एक पान घालता येईल : ज्यांची लेकरे परदेशी आहेत अशी आपल्या गावातली घरे, आणि प्रत्येक घरापुढे रात्री बोलावले तर येईल अशा एका वारकऱ्याचे नाव. आमच्या मंडळाने येत्या एकादशीला हे पान लिहायला घ्यायचे ठरवले आहे. पहिली चार घरे सगळ्यांना तोंडपाठ आहेत.